सेवेचा हेतू आणि शेजाऱ्याची श्रद्धा

ज्याचा धर्म आम्हांस आपला वाटत नाही, त्याच्या धर्माचरणाविषयी आदर बाळगता येतो काय? व्याख्यानमालेत हा प्रश्न कोणी विचारला, तर सर्व श्रोते होकारार्थी मान हलवितील. परंतु तोच मनुष्य आमच्या गल्लीत बिऱ्हाड करतो, संध्याकाळी आमच्या शेजारच्या मुलांना गणित शिकवू लागतो आणि रविवारी चर्चमध्ये जातो, तेव्हा त्या होकाराची परीक्षा सुरू होते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ही परीक्षा कोणासच चुकलेली नाही. येथे एकाच बाजारात मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू ऐकू येते. कपिलेश्वराची घंटा आणि कॅम्पातील चर्चची घंटा एकाच गावाच्या कानी पडते.

हा शेजार कालपरवाचा नव्हे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर यांनी 1820 साली बेळगावात कार्य आरंभिले. 1904 साली ते कार्य मेथडिस्ट मंडळीकडे गेले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 साली स्थापन झाला. मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत आजही कोंकणी बोलली जाते. कोणी उपकार केला असता 'देव बरें करूं' असे त्यांच्या घरी म्हणतात आणि आमच्या घरीही म्हणतात. देवाचे नाव निराळे घेणाऱ्या दोन घरांत कृतज्ञतेचे शब्द मात्र एकच राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तरुणांमध्ये काम करणाऱ्या अशा एखाद्या ख्रिस्ती कार्यकर्त्याची दिनचर्या वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. पहाटे तो बायबलातील एक अध्याय वाचतो आणि प्रार्थना करतो, जसे आमच्यातील कोणी संध्या करतो किंवा हरिपाठ म्हणतो. त्यानंतर इस्पितळात पडलेल्या एखाद्या मुलाची विचारपूस. उद्यमबागेतील कारखान्यात नव्याने लागलेल्या आणि गावाकडच्या आठवणीने खिन्न झालेल्या तरुणासाठी खोलीचा शोध. निपाणीत विड्या वळणाऱ्या एखाद्या आईच्या मुलीसाठी फीची तजवीज. संध्याकाळी अभ्यासवर्ग, खेळ आणि शेवटी भजन. ह्यात चमत्कार कोठेही नाही. रोज तेच करावयाचे, आणि बहुधा कोणी आभार न मानता करावयाचे, एवढेच त्याच्या श्रद्धेचे दृश्य रूप असते.

तरुणांची अशी काळजी वाहण्याची पद्धत कशी निघाली, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या एका कापडाच्या पेढीत नोकरीस असलेल्या जॉर्ज विल्यम्स ह्या तरुणाने 1844 साली आपल्यासारख्या काही नोकरदारांना जमवून वाय. एम. सी. ए. ही संस्था काढली. खेड्यांतून शहरात आलेल्या मुलांना प्रार्थनेस आणि सोबतीस जागा असावी, हा तिचा मूळ उद्देश. पुढे ह्याच संस्थेच्या अमेरिकेतील शिक्षकांनी 1891 साली बास्केटबॉल आणि 1895 साली व्हॉलीबॉल हे खेळ शोधून काढले. आज आमच्या कित्येक गावांत देवळाशेजारच्या पटांगणात मुले जाळे बांधून व्हॉलीबॉल खेळतात. त्यामुळे कोणाचे दैवत बाटले नाही. चांगली गोष्ट कोठून आली हे न विचारता आम्ही ती घेतली, आणि योग्यच केले.

येथे आमचे वडीलधारे एक आक्षेप घेतील, आणि तो हलका लेखता येणार नाही. ते म्हणतील, 'खेळ घेतला ते ठीक. परंतु सेवेच्या पाठोपाठ धर्मांतर येत असेल तर?' ह्या प्रश्नामागे आमच्या समाजाची फार जुनी जखम आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गेला केळशीहून कवळ्यास नेले. गोव्यातील धर्मन्यायासन 1560 साली बसले आणि 1812 साली कायमचे उठले. देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्यांच्या वंशजांना 'विसरा' असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि आम्हीही तसे सांगत नाही.

परंतु आठवण ठेवणे निराळे आणि त्या आठवणीचे ऋण चुकत्या माणसाकडून वसूल करणे निराळे. ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्या हाती तलवार होती, कायदा होता. ज्या कार्यकर्त्याविषयी आम्ही बोलत आहोत त्याच्या हाती फळा आणि खडू आहे. त्या काळातही सर्व माणसे एकसारखी नव्हती. 1579 साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली छापले गेले; त्याचे कोंकणीचे व्याकरण 1640 साली प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. तरीही आमच्या दोन्ही भाषांवर त्याचे ऋण आहे. हेतू आणि कृती ह्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो, तो असा.

मग मुख्य प्रश्न उरतो: धर्मप्रसाराचा हेतू मनात ठेवून केलेली सेवा ही सेवा होय काय? गीतेने आम्हांस फलाची आसक्ती सोडून कर्म करावयास शिकविले आहे. ह्या कसोटीस लावले तर, समोरच्याने आपला धर्म स्वीकारावा म्हणून दिलेले औषध हे सकाम कर्मच ठरेल. आम्हांस हे मान्य आहे. परंतु कसोटी एकदा हाती घेतली की ती सर्वांस लावावी लागते. पुण्य लाभावे म्हणून केलेले अन्नदान, नाव कोरले जावे म्हणून सभामंडपास दिलेली देणगी, ज्ञातीतील मुलांपुरतीच राखलेली शिष्यवृत्ती, ही सर्व निष्काम आहेत काय? मनुष्याच्या मनातील हेतू तपासण्याचा तराजू बहुधा ईश्वरापाशीच असावा.

मनुष्यांनी वापरावयाची कसोटी त्याहून साधी आहे. सेवा घेणाऱ्याने 'तुमचा धर्म मला नको' असे स्पष्ट सांगितल्यावरही ती सेवा पूर्वीसारखीच चालू राहते काय? राहत असेल तर ती सेवा. थांबत असेल तर तो सौदा. ख्रिस्ती कार्यकर्त्याने ही कसोटी स्वतःस लावून घ्यावी, असे म्हणण्याचा आम्हांस पूर्ण हक्क आहे. भुकेल्याच्या भुकेचा फायदा घेणे हे त्याच्याही धर्मग्रंथास शोभणारे नाही.

कायदाही बाहेरून एवढेच पाहू शकतो. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. डिसेंबर 2021 मध्ये ह्याच विषयावरील विधेयक कर्नाटकाच्या विधानसभेने बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात संमत केले. 2022 साली त्याचा कायदा झाला आणि 2023 साली नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. सक्ती आणि लालूच ह्यांना शासन हवेच. परंतु शेजाऱ्याविषयीचा विश्वास कोणत्याही विधेयकाने निर्माण होत नाही, किंवा रद्दही होत नाही.

शिवाय प्रत्येक धर्मांतर लालचीनेच होते हे म्हणणेही सत्यास सोडून आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरी पडली ती आप्तांची ताटातूट. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्यावरही काही काळ आपले सोवळे पाळीत राहिल्या आणि स्वतःच्या विचाराने 1900 साली ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कोणासही त्या बाईला कोणी विकत घेतले असे म्हणवणार नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांच्या मनाने आधी घेतले, आणि धर्म नंतर बदलला, हा क्रम आम्ही नीट ध्यानी घ्यावा.

कारण तो क्रम आमच्याकडे बोट दाखवितो. पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. ज्यास घरच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, तो दुसऱ्याच्या अंगणात गेला, तर दोष अंगणाच्या मालकाचा किती आणि दार लावून घेणाऱ्याचा किती? 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात राहून गेले. पुढे पाचच वर्षांनी, 1897 साली, त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापिले आणि संन्याशांना रोगी व दुष्काळग्रस्त ह्यांच्या सेवेस लाविले. इतरांच्या सेवेकडे संशयाने पाहत बसण्यापेक्षा स्वतः सेवेस उभे राहणे, हा त्यांचा मार्ग होता.

आमच्या देवस्थानांत आज तरुणांना काय काम आहे? उत्सवात पालखीस खांदा देणे, समाराधनेत पंक्तीत वाढणे, ही कामे सुंदर आहेत. परंतु ती वर्षातील चार दिवसांची. उरलेल्या दिवसांत महाजनांच्या बैठकीत त्यांस मागच्या रांगेत बसावे लागते. उद्यमबागेतील एकाकी मुलगा आमचा असो वा नसो, त्याची खोली शोधून देण्यास आमच्या देवळातून कोण जातो? निपाणीच्या त्या मुलीच्या फीचा विचार आमच्या कोणत्या बैठकीत होतो? ह्या प्रश्नांस उत्तर नसेल, तर ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या हेतूविषयी बोलण्याचा आमचा हक्क तेवढ्यापुरता दुबळा होतो.

श्रद्धा सोडावी असे आम्ही कोणास सुचवीत नाही. उलट, ज्याची स्वतःच्या कुलदेवतेवर दृढ निष्ठा आहे त्यालाच शेजाऱ्याची निष्ठा ओळखता येते. डळमळीत मनुष्यच दुसऱ्याच्या प्रार्थनेस भितो. म्हणून आमच्या देवस्थानांनी एक गोष्ट करून पाहावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी सभामंडप अभ्यासासाठी उघडा ठेवावा, आत येणाऱ्या मुलास त्याची जात, भाषा वा धर्म विचारू नये, आणि शिकविण्यास तरुणांना बोलवावे. शेजारचा ख्रिस्ती शिक्षक गणित चांगले शिकवीत असेल, तर त्यालाही बोलवावे. श्रीशांतादुर्गेच्या समोर बसून कोणी त्रैराशिक शिकले, तर देवीस त्यात काही उणे वाटेल असे आम्हांस वाटत नाही.