दीड व्होल्ट

आषाढी करून पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी लोणार, मेहकर करत जानेफळला येते. त्या दिवशी पखवाज कानाआधी छातीला कळतो. जानेफळच्या एका कृषी केंद्रवाल्या भाऊंना हा छातीतला पखवाज बारा महिने घरात हवा होता.

त्यासाठी त्यांनी हौसेनं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतला होता. बैठकीत दोन लाकडी बॉक्स मांडले होते. भीमसेन जोशींच्या अभंगांची रेकॉर्ड लावली की गळा समोर बसून गायल्यागत यायचा. टाळ चोख, पेटी चोख. पखवाज मात्र कुणी टीपॉयवर बोटं मारावीत तसा.

उभी हयात भजनात काढलेले शेजारचे बुवा एका संध्याकाळी ऐकायला आले. चहा संपेस्तोवर काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "भाऊ, गाणं झकास हाये. पण याची धूम कुठं गेली? डाव्या तोंडाले कणीक लावाले इसरले का हे लोकं?"

भाऊंना ते लागलं. त्यांनी आधी बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पखवाज तर आला नाहीच, वर गळाही घोगरा झाला. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ईएल ८४ व्हॉल्व्हचा निवडक, महागडा संच मागवला. मग बोटाएवढ्या जाड वायरी. मग दोन मोठे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ही सगळीच खुळ्याची खरेदी होती असं मी म्हणणार नाही. खालच्या सुराला ट्रान्सफॉर्मरचं लोखंड भरपूर लागतं. ते कमी पडलं की खर्ज आधी फाटतो आणि मग बसतो. पण भाऊंचा आधीचा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या खोलीपुरता पुष्कळ होता. आणि चांगला चालता व्हॉल्व्ह काढून तसलाच दुसरा घातल्यानं हरवलेला खर्ज परत येतो, यावर विकणाऱ्याचा जेवढा विश्वास असतो तेवढा माझा नाही. असो. एका एकराच्या बी-खताहून जास्त पैसा गेला आणि टीपॉय टीपॉयच राहिला.

शेवटी मेहकरहून एक जुने रेडिओ मिस्त्री मोटारसायकलवर आले. भाऊंनी ॲम्प्लिफायरचं झाकण काढायला पेचकस पुढे केला. मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला. "आत तीनशे व्होल्ट हायेत. काम नसताना कशाले हात घालाचा? पहिले वाजवा."

त्यांनी रेकॉर्ड ऐकली. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीची पिन ॲम्प्लिफायरच्या फोनोच्याच खोबणीत आहे ना, ते पाहिलं. त्याला कारण आहे. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर दोन अभंगही मावायचे नाहीत. पन्नास हर्ट्झला ही काटछाट जवळपास सतरा डेसिबलची असते आणि ती भरून काढायचं काम फोनोच्या भागाचं. पिन चुकून दुसऱ्या खोबणीत गेली की पखवाज उपाशी. इथे मात्र ती जागेवर होती.

मग मिस्त्री दोन बॉक्सांच्या बरोबर मधोमध उभे राहिले आणि नंतर उजव्या बॉक्सला कान लावून बसले. एकट्या बॉक्सपाशी पखवाज होता! मधे आलं की नाहीसा.

"भाऊ, या बॉक्साईचं मागं काही काम केलं होतं का?"

"उजव्याचा कोन फाटला होता. शहरातून बदलून आणला. काहून?"

"टॉर्चचा सेल द्या एक."

रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणारे शेतकरी टॉर्च नेतात म्हणून भाऊंच्या काउंटरवर सेलचा डबा कायम भरलेला. मिस्त्रींनी बॉक्सच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवल्या. दीड व्होल्टचा सेल घेऊन धन टोक लाल वायरीला, ऋण टोक काळ्या वायरीला निमिषभर टेकवलं. डाव्या बॉक्सचा कागदी पडदा टप्प करून पुढे आला. तेच उजव्याला केलं. पडदा टप्प करून आत गेला.

कोन बदलणाऱ्यानं आतल्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. बाहेरून लाल लाल होतं, काळं काळं होतं, म्हणून शंका यायची सोय नव्हती. एक पडदा हवा पुढे ढकली तेव्हा दुसरा ती मागे ओढी. पन्नास हर्ट्झची लाट सुमारे सात मीटर लांब असते. दोन मीटर अंतरावरचे दोन बॉक्स तिच्या हिशेबी एकाच जागी असतात. मग जमा आणि खर्च तिथल्या तिथे मिटतात. टाळाची लाट काही सेंटिमीटरांची. तिचा असा सरसकट मेळ बसत नाही, म्हणून टाळ शाबूत राहिला.

मिस्त्रींनी उजव्याच्या तारा फिरवल्या. दोन्ही बॉक्स खोलीच्या मधून काढून भिंतीजवळ सरकवले आणि बासचं बटण मधल्या खुणेवर आणलं. रेकॉर्ड लागली. कपाटातल्या बशा थरथरल्या. बुवा बोलावल्याशिवाय दारात येऊन उभे. "आता लागली कणीक!"

"एवढंच होतं?" भाऊंचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला. "मंग हे व्हॉल्व्ह, हे ट्रान्सफॉर्मर?"

"ते बी चांगलेच हायेत. ऱ्हाऊ द्या." मिस्त्रींनी पेट्रोलचे शंभर रुपये घेतले आणि सेल काउंटरवरच्या डब्यात परत टाकला.

पुढच्या आठवड्यात पावसानं झड लावली. उघडीप पडल्याबरोबर एक शेतकरी सोयाबीनचं उपटलेलं झाड घेऊन दुकानात आला. पानं पिवळी, शिरा हिरव्या.

"भाऊ, पिवळं पडून राह्यलं. एखादी भारी बाटली द्या. मागच्या दोनाईनं फरक नाही पडला."

भाऊंचा हात सवयीनं फळीकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला, झाड उलटं केलं आणि मुळ्या चाचपल्या. मुळ्या काळपट, बुळबुळीत झालेल्या. गाठी दाबल्या तर आत गुलाबी रंग नव्हता.

"वावरात पाणी किती दिवसापासून उभं हाये?"

"खालच्या अंगाले… झाले आठ दिवस."

"मंग पहिले चर काढा. पाणी निघू द्या, मुळीले हवा लागू द्या. बाटलीचं मंग पाहू."

"एवढंच?"

"एवढंच."

शेतकऱ्यानं भाऊंकडे नीट निरखून पाहिलं, झाड उचललं आणि समोरच्या दुकानातून बाटली घेतली.