पाठीचा कणा कोणाच्या हवाली?

देवीकवचात पाठीच्या कण्याची वेगळी तजवीज आहे. मान भद्रकालीच्या स्वाधीन, कणा धनुर्धरीच्या. पुढून जया राखते, मागून विजया. सप्तशतीच्या पाठाआधी अर्गला आणि कीलक यांच्या जोडीने हे कवच म्हणतात. शेंडीपासून पायाच्या नखांपर्यंत एकेक अवयव नाव घेऊन देवीच्या पदरात घातलेला आहे. रामरक्षेत पाठीचा असा स्वतंत्र उल्लेख नाही. तिथे शेवटी अवघा देहच रामाच्या हवाली होतो.

मालाडला मार्वे रोडला मी राहते, मोटारसायकल चालवते आणि कवचही म्हणते. माझा भाचा कामाला लागला, त्याने स्वतःची गाडी घेतली, तेव्हा त्याला बॅक प्रोटेक्टर घेऊन द्यायचं मी ठरवलं. त्यावर तो म्हणाला, "मावशी, तू रोज कवच म्हणतेस ना? मग हे दुसरं कशाला? एक तर तिच्यावर भरवसा ठेव, नाहीतर ह्या फोमवर. आणि लिहिलेलं असेल ते काय चुकतंय?"

हा प्रश्न मला उडवून लावता आला नाही. 'देव तारी त्याला कोण मारी' हे आपण मनापासून म्हणतो. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं म्हणून आळशाला टोमणाही मारतो. दोन्ही म्हणी एकाच घरात नांदतात. श्रद्धा कुठे संपते आणि हात झटकणं कुठे सुरू होतं, हे ठरवायचं काम मात्र म्हणी आपल्यावर सोडतात.

मला आधार सापडला तो गीतेच्या अठराव्या अध्यायात. कोणतंही कर्म घडायला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे हा देह, असं भाष्यकार सांगतात. म्हणजे यादी देहापासून सुरू होते आणि दैवाला पाचवी जागा मिळते. दैव नाकारलेलं नाही, पण त्याच्याआधी चौघं बसलेली आहेत. लगेच पुढे असंही बजावलेलं आहे की, जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. 'लिहिलेलं चुकत नाही' म्हणणारा पहिली चार कारणं पुसतो. महागडं जॅकेट चढवून 'आता मला काय होतंय' म्हणणारा पाचवं पुसतो. चूक दोघांची सारखीच.

आमच्या भागातून सकाळी लवकर हायवे धरला, घोडबंदरची खाडी ओलांडली आणि शिरसाड फाट्याला आत वळलं की रस्ता वज्रेश्वरीला जातो. हे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं आहे. वसईचा किल्ला हाती येईना, तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला, अशी परंपरा आहे. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली, ती तटाखाली सुरुंग पेरून. भुयारं खणताना, वरून गोळे येत असताना माणसं मेली, तरी काम थांबलं नाही. नवस बोलला म्हणून सुरुंग राहिले नाहीत आणि सुरुंग उडाले म्हणून नवस फेडायचा राहिला नाही. त्या पायऱ्या चढताना भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मला मिळालेलं असतं.

मग आम्ही दुकानात गेलो. पाठीच्या कवचाला युरोपातलं मानक आहे, ईएन 1621-2. चाचणीत 5 किलोचं वजन 50 जूल ऊर्जेने कवचावर आदळवतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल 1 मध्ये सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल 2 मध्ये 9 पर्यंतच. पुष्कळ जॅकेटांच्या पाठीत येतो तो नुसता फोमचा तुकडा. त्यावर मानकाचा क्रमांक आणि लेव्हल छापलेली नसेल तर त्याला कवच म्हणू नये.

माप छातीचं घेत नाहीत, पाठीच्या लांबीचं घेतात. मी भाच्याला मान खाली घालायला सांगितली. मानेच्या बुडाशी जो मणका टोकदार वर येतो, तिथून तळहात सरकवत कमरेपर्यंत आणला. एकेक मणका बोटांना लागत होता. पूजेत न्यास करताना हृदयाला, मस्तकाला, शेंडीला हात लावतात, तोच हात हा. त्या क्षणी मला कळलं की कवच म्हणणं आणि कवच बेतणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत: दिसत नाही, आठवत नाही अशा अवयवाचीही दखल घ्यायची.

त्याने आधी लेव्हल 2 चं, जाड आणि ताठ प्रोटेक्टर उचललं. बाहेर गाडीवर बसवून पाहिलं, तर पुढे वाकताच ते वर सरकलं आणि मान उचलली की हेल्मेटच्या कडेला टेकू लागलं. खालून कंबर उघडी पडली. शिवाय मालाडच्या दमट हवेत, मीठ चौकीच्या सिग्नलला अडकल्यावर, ते अंगावर कोण ठेवील? शेवटी घेतलं ते लेव्हल 1 चं, भोकं पाडलेलं, पाठीच्या वळणाबरोबर वाकणारं, रुंद कमरपट्ट्याचं. तेवढंच आरामशीर लेव्हल 2 चं मिळालं असतं तर तेच घेतलं असतं. पण खुंटीवर टांगलेल्या लेव्हल 2 पेक्षा पाठीवरचं लेव्हल 1 कधीही बरं.

आराम पाहणं हा लाड नव्हे. शरीराला उगाच पिळून काढणाऱ्या तपाला गीतेने नावं ठेवली आहेत. युक्त आहार, युक्त विहार सांगितला आहे. नित्यनेम टिकतो तो झेपेल एवढाच घेतला म्हणून, आणि कवचाचा उपयोग तर नित्य घालण्यातच आहे.

हे कवच काय करत नाही, तेही मी त्याला सांगितलं. पाठीवर थेट बसणाऱ्या फटक्याचा जोर ते पसरवतं आणि कमी करतं. खांद्यावर किंवा डोक्यावर आपटून कणा वाकला, पिळला गेला, तर तिथे त्याचं फारसं चालत नाही. पावसात उखडलेले पेव्हर ब्लॉक, सांडलेलं ऑइल, झोप न झालेला ट्रकवाला यांवर कुठल्याच लेव्हलचा शिक्का नसतो. पाचव्या कारणाची जागा तिथे आहे, आणि तिथे मी हात जोडते.

राहिली 'लिहिलेलं चुकत नाही' ही गोष्ट. कणा मोडला तर भोग एकट्याच्या वाट्याला येत नाही. कूस बदलायला, अंघोळ घालायला घरातलं कुणीतरी जन्मभर उभं राहतं, आणि बहुतेक घरांत ती आई किंवा बायको असते. नशिबावर हवाला टाकणारा त्यांच्याही आयुष्यावर परस्पर सही करत असतो. हा अधिकार त्याला कोणत्याच शास्त्राने दिलेला नाही.

म्हणून माझं उत्तर असं: देवीकडे कण्याचं रक्षण मागायचं असेल, तर आपला कणा आपल्याला किती मोलाचा वाटतो हे आधी आपल्या वागण्यात दिसलं पाहिजे. ज्या वस्तूची आपण स्वतः हेळसांड करतो, ती दुसऱ्याने जपावी असं म्हणणं माणसांत शोभत नाही. देवापुढे तर मुळीच नाही.