जाणाऱ्या थरावरचा रंग

रात्रीची जेवणं झाली आहेत, ओटा पुसून झाला आहे. आता कुणाची हाक येणार नाही. दिव्याखाली बसा आणि हाताची पाठ समोर धरा. हळदीकुंकवाला अत्तर लावून घ्यायला पुढे करतात, तीच ही पाठ. तिच्यावर कोडाचा डाग असेल, तर हात पुढे करताना पदर बोटांवर ओढून घ्यायची सवय कधी लागली ते आठवा. दोष कुणाला द्यायचा नाही, नुसतं आठवायचं. डाग नसेल, तर ज्या हातावर आहे त्याच्या शेजारी बसा.

डोळे मिटा. दुसऱ्या हाताचं बोट डागावरून हळूहळू फिरवा. कड कुठे सुरू झाली, कळलं? नाही कळणार. कातडी तशीच मऊ आहे, तशीच ऊबदार आहे. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी तिथे उरलेल्या नाहीत, एवढंच घडलं आहे. ना तो संसर्ग आहे, ना कुष्ठरोग. बोटाला जे सापडत नाही, ते फक्त डोळ्याला दिसतं. इथे थोडं थांबा.

आता बाटलीकडे पाहा. सेल्फ-टॅनर. पाश्चात्त्य देशांत उन्हात न पडता कांती रापलेली दिसावी म्हणून हे लावतात. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती पाहत वाढलेल्या आपल्याला याचं हसू येईल. पण डागाशी बसलेल्या माणसाला गोरेपण नको असतं. त्याला त्याचाच सावळेपणा हवा असतो, रुपयाएवढ्या जागेपुरता.

यातला मुख्य घटक डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए. ही एक साधी साखर. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत संशोधक इव्हा विटगेन्स्टाइन एका दुर्मीळ आजाराच्या मुलांना ती औषध म्हणून पाजत होत्या. मुलांच्या अंगावर औषध सांडे. कपड्यांवर डाग पडत नसे, कातडी मात्र काही तासांनी तपकिरी होई. पुढे हा रंग कोडाच्या डागांवरही वापरून पाहिला गेला. मेलॅनिनच्या पेशी नसलेल्या जागीही तो चढतो, कारण त्याला त्या पेशींची गरजच नसते. त्वचेच्या अगदी वरच्या, मृत थरातल्या अमिनो आम्लांशी ही साखर जुळते. तव्यावरच्या भाकरीला डाग पडतात, ती क्रियाही याच कुळातली.

म्हणजे रंग बसतो तो निघून चाललेल्या थरावर. हे मनात मुरू द्या. पुढचं सगळं यातूनच येतं.

हा थर रोज थोडाथोडा झडतो, म्हणून आधी तो सारखा करून घ्या. कोमट पाण्यात ओला केलेला मऊ पंचा हलक्या हाताने फिरवा. खसाखसा घासू नका. कोडात घासल्या-खरचटल्या जागी नवा डाग उमटू शकतो. साबण राहू देऊ नका आणि त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. बोटांच्या पेरांवर, कोपरावर, घोट्यावर कातडी जाड असते आणि रंग जास्त पिते. तिथे आधी साध्या मॉइश्चरायझरचा पुसट हात द्या. पहिल्यांदाच लावत असाल, तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारा आणि कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा.

आता कापसाच्या काडीवर थेंब घ्या. डागाच्या मध्यावर टेकवा आणि कडेकडे सरका. कड गाठायच्या किंचित आधी थांबा. कड ओलांडली, तर शेजारची सावळी कातडी आणखी गडद होते आणि डागाभोवती कडं उमटतं. जो डाग लपवायला निघालो, त्यालाच महिरप मिळते! एकच पातळ थर द्या. कमी वाटला तर उद्या दुसरा देता येईल. तळव्याला लागलं असेल तर लगेच धुऊन टाका.

आता काही दिसणार नाही. आजच्या रात्रीतला सगळ्यात कठीण भाग हाच. रंग दिसू लागायला दोन-चार तास लागतात, पुरता चढायला कधी एक दिवस. तोवर पाणी नको, घाम नको आणि पुन्हापुन्हा दिव्याखाली जाऊन पाहणंही नको. रंग आपल्या कामाला लागला आहे. तुम्ही निजा.

सकाळी कदाचित चुकलेलं दिसेल. एक ओघळ असेल, पेरावर नारिंगी ठिपका असेल. पोटात गोळा येईल, तो येऊ द्या. मग हात कोमट पाण्यात बुडवा, खोबरेल तेल लावून थोडा वेळ राहू द्या आणि मऊ फडक्याने टिपा. लिंबू किंवा ब्लीच घेऊन त्यावर तुटून पडू नका. थोडा रंग निघेल, थोडा राहील. राहिलेलाही आठवड्याभरात जाईल, सारखा पाण्यात असलेल्या हातावरून तर त्याआधीच. चूकही त्या जाणाऱ्या थरावरच झाली आहे.

चांगला जमलेला रंगही तसाच जाईल. त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका. तो उन्हापासून राखत नाही, त्यासाठी सनस्क्रीन लागतंच.

शेवटी डोळे पुन्हा मिटा आणि बोट त्याच डागावरून फिरवा. कातडी काल होती तशीच मऊ, तशीच ऊबदार. बोटाला आज रंगही कळला नाही. एखाद्या संध्याकाळी रंग उतरलेला असेल, पुन्हा लावायला वेळ झाला नसेल, आणि कुणीतरी अत्तराची कुपी घेऊन समोर येईल. पदर जिथे आहे तिथेच राहू द्या. अत्तर हाताच्या पाठीला लावतात, तिच्या रंगाला नाही.