नव्या घरी जुने गाठोडे

कॉम्प्युटरचे नाव वाचून बिचकू नका. दृष्टांत नेहमी लोकांच्या हाताखालच्या वस्तूचाच द्यावा लागतो, आणि आता घरात जाते उरले नाही, कॉम्प्युटर आहे.

आमच्या धरमतरच्या खाडीचे पाणी रेवस-करंजापाशी समुद्राला मिळते. त्याच करंजाच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवाचे बंदर आहे. २०१७ च्या जूनअखेरीस, आषाढीच्या पालख्या वाटेवर असताना, तिथल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर ठप्प झाले. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहावर २७ जूनला देशोदेशी व्हायरसचा घाला पडला होता. तो आला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्याच्यावर रोजचा विश्वास, त्याच्याच हातून. मग कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले.

मन बिघडले की आपल्यालाही हेच सुचते. सगळे पुसावे, नवी सिस्टीम टाकावी. कोणी गाव बदलतो, कोणी धंदा बदलतो, कोणी माळ घालतो. माळ घातली की जुने संपले, असा आपल्याकडचा पूर्वपक्ष आहे. तो अगदीच खोटा नाही. दारू सुटते, एकादशी घडते, संध्याकाळी हरिपाठ होतो, घर सावरते. याला हलके म्हणणाऱ्याने दारुड्याच्या बायकोला विचारून यावे.

पण कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यालाही एक विचारा. तो सांगेल, फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली तरी लोक जुना पेनड्राइव्ह आणतात, त्यातल्या फाइल उघडतात, आणि व्हायरस पुन्हा हजर. कोणी विंडोज सोडून लिनक्स टाकतो. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे सहसा चालत नाही. मात्र तो फाइलमध्ये गुपचूप पडून राहतो, आणि ती फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की जागा होतो.

माउली, मला भीती आहे ती या दुसऱ्या प्रकाराची. आमच्या खारेपाटात बांधाच्या वादावरून भाऊ भावाशी बोलत नाही. त्यातला एक माळ घालतो, वारी धरतो. आता तो भांडत नाही, शिवी देत नाही. राग त्याच्यात चालतच नाही म्हणा ना. पण रात्री जेवताना मुलाला सांगतो, "तुझ्या काकाने आपली जमीन खाल्ली, हे विसरू नकोस." मुलाने माळ घातलेली नसते. बापाकडे निजलेले विष पोरात उठते. मग हा माणूस शुद्ध झाला म्हणायचे का? मी म्हणणार नाही. ज्याची शुद्धी त्याच्यापुरतीच आहे, त्याने पुढच्याच्या हाती काय दिले तेही मोजले पाहिजे.

तर मग जुने सगळेच टाकावे? नाथमहाराजांनी तसे केले नाही. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी त्यांच्या काळापर्यंत अपपाठांनी गढूळ झाली होती. नाथांचा अधिकार एवढा, की त्यांनी नवा ग्रंथ रचला असता तर कोण अडवणार होते? भागवतावर ते स्वतंत्र लिहितेच झाले. पण ज्ञानेश्वरीला त्यांनी पुसले नाही. पाठ पडताळले, घुसलेले काढले, मूळचे राखले आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. हे काम नवे लिहिण्याहून कष्टाचे, कारण ओळीओळीला थांबून विचारावे लागते : हे माउलींचे की मागाहून शिरलेले?

त्यासाठी बिघाडाआधीचे काहीतरी हाती असावे लागते. मर्स्कचेही तेच झाले. कॉम्प्युटरांच्या जाळ्याची एक मुख्य नोंद जागोजागच्या सर्व्हरवर ठेवलेली होती, ती सगळीकडे नष्ट झाली. वाचली फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातली. घाला पडला तेव्हा तिथली वीज गेलेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. तिथली प्रत माणसांनी हातोहात इंग्लंडला पोचवली, तेव्हा पुढचे काम सुरू झाले.

भांडणाच्या घरातही असे कोणीतरी सापडते. भांडण पेटले तेव्हा सासरी दूर असलेली एखादी आत्या असते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली, तेव्हा हेच दोघे भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चिखलाचे गोळे एकमेकांच्या हातात देत होते, हे तिला अजून जसेच्या तसे आठवते. मुलाला एकदा तिच्यापाशी बसवा.