पटावरचे मूल आणि मापातले हक्क

2017 साली बालहक्कांच्या एका जागतिक क्रमवारीत ब्रिटन 11व्या स्थानावरून थेट 156व्या स्थानावर फेकले गेले. त्या वर्षात तिथल्या शाळांना टाळे लागले नव्हते की दवाखाने ओस पडले नव्हते. मग झाले काय?

नेदरलँड्समधील ‘किड्सराइट्स’ संस्थेचा हा निर्देशांक जीवन, आरोग्य, शिक्षण, संरक्षण आणि हक्कांना पोषक वातावरण या पाच कसोट्यांवर गुण देतो. खरी गोम पाचव्या कसोटीत आहे. तिचे गुण ठरतात ते संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील बालहक्क समितीने त्या देशाच्या कारभारावर मारलेल्या शेऱ्यांवरून. मुलांमध्ये होणाऱ्या भेदभावावरून समितीने ब्रिटनला खडसावले होते. शिवाय पाचही कसोट्यांची सरासरी भूमितीय, म्हणजे गुणाकारावर आधारलेली, असल्यामुळे एका विषयातले अपयश दुसऱ्यातल्या यशाखाली झाकता येत नाही. त्याच यादीत थायलंड आणि ट्युनिशिया मात्र पहिल्या दहांत होते.

अमेरिका या यादीत नसतेच, कारण यादीत बालहक्क करार मान्य केलेलेच देश असतात. 1989च्या या करारावर तिने 1995मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

भारताने हा करार 1992मध्ये स्वीकारला. आपली पटसंख्या पाहिली तर छाती फुगते: 2022च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भागातील 6 ते 14 वयाची 98.4 टक्के मुले शाळेच्या पटावर होती. पण या पाहणीचे स्वयंसेवक घरोघरी जातात आणि ओसरीवर बसून मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. ती गोष्ट पाचवीतल्या अवघ्या 42.8 टक्के मुलांना वाचता आली. एकाच वर्षाचे, एकाच पाहणीचे हे दोन आकडे; कोणता पुढे करायचा, यावर देशाचे प्रगतिपुस्तक बदलते.

नोंदीतला आकडा आणि वास्तव यांतली अशी तफावत महाराष्ट्राने बालमृत्यूंच्या बाबतीतही अनुभवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने गावोगावी मोजणी झाली. प्रत्यक्ष मृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे 2001च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवून दिले. त्यानंतर राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. दप्तरात न चढलेल्या मृत्यूंची दखल कोणताही जागतिक निर्देशांक घेऊ शकला नसता.

शिक्षणहक्क कायदा 2010पासून लागू आहे. त्याचा हिशेब मांडताना सरकारने पटसंख्येच्या शेजारीच वाचता येणाऱ्या मुलांचा आकडाही दरवर्षी, जिल्हावार छापला पाहिजे.