बाराचा पाढा

पेढे बाजूला ठेव. आधी बस. खुर्चीवर नको, चटईवर बस, शिकवणीला बसायचास तसा. आत्ता दारात काय म्हणालास ते पुन्हा म्हण. “बाई, माझ्याकडची चाळीस पोरं बारा-बारा तास उभी राहतात, एकाची तक्रार नाही.” हे तू मला कौतुकानं सांगितलंस! मी रिटायर झाले आहे, बहिरी झाले नाही.

पाढे तुझे पाठ होते. आता लेबर कॉन्ट्रॅक्टर झालास, एमआयडीसीत दोन रोलिंग मिलला माणसं पुरवतोस. मग बाराचा पाढा म्हण. मी सांगेन तिथं थांबायचं.

बारा चोक अठ्ठेचाळीस. थांब. कारखान्यातल्या माणसाचा आठवडा एवढाच. हा आकडा कुणा शेठनं खुशीत येऊन दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारसुद्धा माणसाचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून अर्ज, सभा, ‘दीनबंधु’त लेख असं जिवाचं रान केलं. २४ एप्रिल १८९०ला दहा हजार मजूर जमले, आणि लिहून ठेव, त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या. मग कुठं १० जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. दिवस तरीही लांबच होता. १९११ला कापडगिरणीतल्या पुरुषाला बारा तासांची हद्द घातली, १९२२ला अकरा, १९३४ला दहा. १९४६ला डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस झाले. तेव्हा आपलं जालना निजामाकडं होतं, इंग्रजी मुलखाचा कायदा इथं चालत नव्हता. १९११च्या मजुराचा दिवस बारा तासांचा, तुझ्या पोरांचाही बाराचाच. तू मधली सगळी वर्षं एका हजेरीपत्रकात पुसलीस.

आणि आपला जिल्हा झाला कधी? १ मे १९८१. कामगार दिनाच्या दिवशी! तू त्या दिवशी गेटवर झेंडा लावतोस, जिलेबी वाटतोस आणि पोरांना परत भट्टीपुढं पाठवतोस.

पुढं. बारा पाचा साठ. थांब. १९४८च्या कारखाना कायद्यात ओव्हरटाइम धरूनही आठवड्याचा काटा इथंच थांबायचा. बारा सक बाहत्तर. हा तुझा आठवडा. आणि पाळी बदलायच्या रविवारी अठरा तास चालतात, ते तर मी अजून धरलेच नाहीत.

“सरकारनंच आता बारा तास केले,” म्हणू नकोस. पेपर मीही वाचते. २०२५च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा नऊवरून बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली, ते तू मथळ्यात वाचलंस. मथळ्याखाली होतं ते कुणी वाचायचं? मजुराची लेखी संमती हवी, वरच्या वेळेची मजुरी दुपटीनं, आणि तीन महिन्यांत ओव्हरटाइम १४४ तासांच्या आत. नोव्हेंबरात केंद्राच्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही दिवस आठच तासांचा आणि वरच्या तासाला दाम दुप्पट. निर्णय मला पटलेला नाही, ती गोष्ट वेगळी. पण तू तर तोही पाळत नाहीस. १४४ म्हणजे बाराचा वर्ग. तुझी पोरं आठवड्याला चोवीस तास जास्त भरतात, तीन महिन्यांचे आठवडे तेरा. चोवीस तेरा किती? तीनशे बारा. दुपटीच्याही पुढं.

आता बारा आठे. हो, शहाण्णव. बाहत्तर तास राबलेल्याला शहाण्णव तासांचे पैसे द्यायचे असतात, अठ्ठेचाळीस साधे आणि चोवीसचे दुप्पट. तू बाहत्तरचेच देतोस, त्याला सिंगल ओटी म्हणतोस. तासाला साठ रुपये धर. माणशी आठवड्याला चौदाशे चाळीस तुझ्या खिशात. चाळीस माणसांचे सत्तावन्न हजार सहाशे. एका आठवड्याचे! दाराशी उभी आहे ती नवी गाडी यातलीच ना?

“पोरंच जास्त तास मागतात.” नाही रे. ती तास मागत नाहीत, पैसे मागतात. बिहारहून आलेला असो की घनसावंगीचा, आठ तासांत घरी पाठवण्याइतकं सुटलं असतं तर मे महिन्यात लाल सळईसमोर चार तास जास्त उभं राहायची हौस कुणाला आहे? आणि संमतीच्या कागदाचं म्हणशील, तर कामावर घेताना आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत कोऱ्या कागदावर तू सह्या घेतोस, हे मला तुझ्याच मुकादमाच्या बायकोनं सांगितलं. दहाव्या तासाला हात जड होतो, अकराव्याला नजर सुटते. तिथं सांडशी चुकली तर काय होतं, ते तूच एकाला सरकारी दवाखान्यात नेताना पाहिलंस.

तू स्वतः शाळेत काय करायचास? आठव्या तासाला दप्तर भरून बसायचास, डोळे घंटेवर. पाच मिनिटं जास्त घेतली की तोंड एवढंसं.

थोडी चूक माझीही आहे. काळ, काम, वेगाची गणितं तुला मीच घातली. “पंधरा मजूर रोज आठ तास काम करतात, काम लवकर संपवायचं तर तास किती वाढवावे?” तू झटकन उत्तर काढायचास, मी शाबासकी द्यायची. तास असे वाढवता येतात का, हे एकदाही विचारलं नाही मी.

असो. तुझ्याकडं हजेरीच्या दोन वह्या आहेत, एक खरी आणि एक इन्स्पेक्टर आला की काढायची. उद्या सकाळी दोन्ही इथं आण. नुसती चांगल्या अक्षरातली आणलीस तर दारातून परत पाठवीन. पाळी आठला सुटते म्हणालास, आता सव्वासहा झालेत. पेढे उचल, गेटवर जाऊन वाट. आणि त्यांना आज तरी आठलाच सोड, तोवर मी लाल पेन शोधून ठेवते.