कार्ड हातात, दवाखाना कुठे?

९ जानेवारी २०२१ला मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. कक्षाचे दोन भाग होते. याच रुग्णालयात जन्मलेली बाळं एका भागात, बाहेरून आणलेली दुसऱ्यात. पहिल्या भागातली सात बाळं वाचवता आली. गेलेली दहाही दुसऱ्या भागातली होती. ‘इथं जमणार नाही, भंडाऱ्याला न्या’ हे शब्द ऐकून जिल्ह्यातल्या आया कमी वजनाचं, श्वासाला अडणारं लेकरू छातीशी धरून जिथं धाव घेतात, तो हा कक्ष. जिल्ह्याच्या सात तालुक्यांची सगळी भिस्त अशा एका खोलीवर असते.

सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा की विमा, या वादात मी प्रत्येक युक्तिवाद त्या खोलीपाशी नेऊन तपासतो. तिथल्या उपचाराला पैसा लागतच नव्हता. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती आणि आजारी नवजाताचा उपचार मोफत आहे. विम्याचं कार्ड दीड लाखाचं असो की पाच लाखांचं, त्या रात्री त्याचा काही उपयोग नव्हता. हवी होती ती वेळच्या वेळी तपासलेली वायरिंग, धूर निघताच वाजणारी घंटा, बाळांपाशी सतत जागं माणूस आणि बाहेर पडायला मोकळी वाट. यातल्या कशाचंच बिल रुग्णाच्या नावाने निघत नाही. म्हणून विम्याच्या हिशेबात या गोष्टींना जागाच नाही.

तेव्हा अनेकांनी म्हटलं, सरकारी दवाखाने असेच चालायचे, खासगीकडे द्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरच्या आणि विरारच्या खासगी रुग्णालयांना आग लागून रुग्ण दगावले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या सरकारी रुग्णालयात तेच घडलं. मालक बदलला की सुरक्षितता येते, हे म्हणणं त्या एका वर्षातच निकालात निघालं.

विम्याच्या बाजूने जे खरं आहे ते मनापासून मान्य केलं पाहिजे. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर आली आणि २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. शेतमजुराच्या पोराच्या हृदयाची शस्त्रक्रिया शेत न विकता होऊ शकते, ही महाराष्ट्रात पूर्वी क्वचितच घडणारी गोष्ट आहे. आता तर संरक्षण पाच लाखांपर्यंत आणि रेशनकार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत नेलं आहे. हे कुणी काढून घ्यावं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण भंडाऱ्याचा माणूस आजारी कसा पडतो, ते बघा. आषाढात रोवणी सुरू असते. बाई पोटरीभर चिखलात वाकून धान लावते आहे आणि पायाला साप चावतो. तिला त्या घटकेला लागते सर्पदंशाची लस आणि ती टोचायला धजावणारा डॉक्टर, तोही जवळच्या आरोग्य केंद्रात. लसीची रिअॅक्शन आली तर सांभाळायला हाताशी माणूस नाही, सामान नाही, म्हणून डॉक्टर कचरतो आणि रेफरची चिठ्ठी लिहितो. मग लाखांदूरसारख्या तालुक्यातून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूरचं मेडिकल कॉलेज. पाच लाखांचं कार्ड पिशवीत असतं आणि विष अंगात चढत असतं.

सिकलसेलचंही तेच. पूर्व विदर्भात हा आजार घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सिकलसेल असलेल्या पोराला जन्मभर गोळ्या लागतात, अधूनमधून रक्त लागतं, दुखणं उसळलं की लगेच सलाईन लागतं. बहुतेक उपचार भरती न होता, महिन्यामागून महिने चालणारा. सरकारी विमा योजना मात्र मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. खासगी विमा घ्यायचा तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात, आणि हप्ता वर्षाला भरायचा तो धानाचा चुकारा वेळेवर मिळाला तर. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला. शहरातल्या पगारदारांना त्याचा दिलासा आहेच. ज्याला मुळात हप्ताच परवडत नाही, त्याच्यापर्यंत ती सवलत पोचत नाही.

देशाचे आकडे आशा वाटावी असे आहेत. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये तेव्हाही आजारी माणूसच मोजत होता, आणि त्यात औषधाच्या दुकानातलं बिल मोठं असतं. सरकारी खर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं. ते गाठलं गेलं नाही.

थायलंडचा दाखला विमावाले नेहमी देतात. २००२मध्ये तिथे ३० बाहत भरून कुणालाही उपचार मिळू लागले, हे खरं. पण त्याआधी काही दशकं त्या देशाने तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेचं बंधन घातलं होतं. योजना आली तेव्हा लोकांनी जायचं कुठे, हा प्रश्न बराचसा सुटलेला होता. आपण कार्ड आधी वाटलं. भोर समितीने १९४६मध्येच गावापासून जिल्ह्यापर्यंतच्या सरकारी दवाखान्यांचा आराखडा दिला होता, पैसे नसले म्हणून कुणी उपचाराविना राहू नये असं बजावलं होतं. तो आराखडा अर्धवट असताना आपण बिल कोण भरणार याच्या चर्चेत शिरलो. बिल भरायची हमी मिळाली की रुग्णालयं आपोआप उभी राहतील, ही समजूत नागपूरपुरती खरी ठरेलही. लाखांदूरला मोठं खासगी रुग्णालय काढून खर्च कसा भरून निघणार? तिथे सरकारनेच उभं राहायला हवं.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. २०२४मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि दोन्हींची किंमत त्या इमारतीत माणसं किती आहेत यावर ठरणार आहे. म्हणून अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी ‘किती कार्डं वाटली?’ हे विचारण्याआधी वेगळे प्रश्न विचारावेत. जिल्ह्यात परिचारिकांची किती पदं रिकामी आहेत, त्यातली कायम किती भरणार? पावसाळ्याआधी प्रत्येक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि रिअॅक्शन सांभाळायचं प्रशिक्षण पोचलं का? सिकलसेलच्या गोळ्या तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने मिळतात का? आणि नवजात बाळांच्या कक्षांची अग्निसुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली, तिचा अहवाल रुग्णालयाच्या दारावर का लावत नाहीत?